कायमची नळी की वेळच्या वेळी स्वतः घातलेली नळी?

प्रोस्टेटच्या उपचारानंतर लघवी तुंबत असेल, तर फोलीची नळी, म्हणजे मूत्राशयात कायम राहणारी नळी, सोपी वाटते: १४ किंवा १६ नंबरची (नंबर म्हणजे नळीची जाडी), आत १० मिलीचा फुगा, खाली पिशवी. पण नळी सतत आत राहिल्याने जंतू ठाण मांडतात आणि क्षार साचून ती चोंदते. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी.

हात चालत असतील आणि नीट दिसत असेल, तर स्वतः नळी घालणंच आम्हाला बरं वाटतं. साधारण १२-१४ नंबरची नेलाटन नळी (सरळ, बिनफुग्याची, लघवी काढून लगेच बाहेर घ्यायची), दिवसातून ४ ते ६ वेळा. एका वेळी ४००-५०० मिलीपेक्षा जास्त लघवी निघाली, तर फेऱ्या वाढवा. साबणाने हात धुवा, नळीला जेली लावा, शिश्न पोटाच्या दिशेने वर ताणून धरा. प्रोस्टेटपाशी नळी अडू शकते. तिथे जोर लावला की रक्त येतं. थांबा, खोकल्यासारखं करा, श्वास सोडता सोडता हळूच पुढे सरकवा. तरीही अडलीच, तर डॉक्टरांना वाकड्या टोकाच्या नळीबद्दल विचारा. लघवी सुरू झाल्यावर २-३ सेंटिमीटर आणखी आत घाला.

थंडी वाजून ताप, रक्ताच्या गाठी किंवा नळी घालूनही लघवी न येणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.