पंचायतीचं पाळणाघर कूसिन मने, वर्षभर पोरगी ठेवून बघितल्यावर

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जाते. पोरगी दीड वर्षाची झाली नि सासूबाईंचे गुडघे गेले, मग तिला ठेवायचं कुठं? बेळगावात एका ठिकाणी चौकशी केली तर महिन्याला 4 हजार सांगितले, माझा पगार 11 हजार. 50 किंवा जास्त कामगार असले तर कंपनीनं पाळणाघर द्यायचं असा 2017 पासून कायदा आहे म्हणे, पण आम्ही सगळे मिळून चाळीस, म्हणजे विषयच संपला.

मग जून 2024 ला पंचायतीच्या कूसिन मनेत घातली. कन्नडमध्ये बाळाचं घर. कर्नाटक सरकारनं 2023 च्या बजेटमध्ये जाहीर केलेलं, मुळात रोजगार हमीवर (रोहयो) जाणाऱ्या बायकांच्या तीन वर्षांच्या आतल्या पोरांसाठी, पण जागा होती म्हणून आमची पण घेतली. फी एक रुपया नाही. जुन्या शाळेची खोली, सतरंजी, दोन पाळणे, दुपारी मऊ खिचडी. पोरं स्वच्छ असतात, ह्याला माझे पूर्ण मार्क.

आता तक्रार. सांभाळणाऱ्या बायकांची मजुरी पण रोहयोतनंच, आणि तिथं तेव्हा एका घराला वर्षाला 100 दिवस काम, म्हणून बायका पाळीपाळीनं बदलतात. पहिल्या अक्काच्या मांडीवर पोरगी झोपायला लागली तोवर तिचे दिवस भरले!! नवीन अक्का आली तर आठ दिवस दाराची कडी धरून रडायची, मी बसस्टॉपवर पोचले तरी आवाज कानात.

दुसरं वेळेचं. आमचं केंद्र 10 ला उघडतं नि 5 ला बंद, माझी बस 8 ची. बायकांना फुकट बसच्या शक्ती योजनेमुळं तिकीट नाही ते खरं, पण फुकटची बस लवकर पोचवत नाही ना. सकाळचे दोन तास जाऊबाई बघतात, संध्याकाळी नवरा आणतो, त्याला उशीर झाला की अक्का कुलूप हातात घेऊन पायरीवर बसलेली. तिला तरी काय बोलणार, तिच्या घरी पण चूल असते. केंद्र सरकारच्या पाळणाघरांच्या ‘पाळणा’ योजनेत पण दिवसाला साडेसातच तास आहेत, आठ तासांची शिफ्ट नि वर बसचा प्रवास कुणी मोजलाय की नाही देव जाणे.

एक गंमत सांगते, पोरगी आता घरी "नीर बेकु" म्हणून पाणी मागते नि सासूबाई "घ्या, कानडी नात आली" म्हणून हसत तांब्या देतात.

5 पैकी साडेतीन. हे नसतं तर मी नोकरी सोडलीच होती, आमच्या लाईनीतल्या दोघींनी सोडली पण. दिवाळीनंतर ती तीनची होते, मग अंगणवाडी. तिथं किती वाजता सोडतात ते विचारायला सोमवारी अर्धी सुट्टी टाकलीय.