भूतानची संसद: राष्ट्रीय सभा आणि राष्ट्रीय परिषद
राष्ट्रीय सभेत 47 खासदार, सगळे पक्षाच्या तिकिटावर आलेले. पण निवडणुकीची तऱ्हा बघा: पहिल्या फेरीत मत पक्षाला, आणि पहिले दोनच पक्ष पुढच्या फेरीत. बाकीचे थेट घरी, मग ते सत्ताधारी का असेनात! 2018 मध्ये पीडीपीचं (पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टी, तेव्हाचा सत्ताधारी पक्ष) तेच झालं. दुसऱ्या फेरीत हरणारा पक्ष विरोधी बाकांवर बसतो. पक्षांतराला घटनेतच बंदी, म्हणजे आपल्याकडची फोडाफोडी तिथे नाही.

राष्ट्रीय परिषदेत 25 जण. 20 जिल्ह्यांतून एकेक, पाच राजाने नेमलेले. पक्षाचं नावच नको. चिमुकल्या गासाचाही एकच, थिंफूचाही एकच. अर्थविधेयक मात्र सभेतच मांडायचं आणि अविश्वास ठरावही तिथेच. तरी विधेयकाच्या चिरफाडीसाठी मला परिषदच जास्त भरवशाची वाटते.