नेब्रास्का: पाचही मते एकाला की वाटून?

अमेरिकेत 48 राज्यांचा हिशेब सरळ आहे: राज्यात ज्याला जास्त मते, त्याच्या पदरात सगळी इलेक्टोरल मते (राष्ट्राध्यक्ष ठरवणारी, प्रत्येक राज्याच्या वाट्याची मते). 2020 मध्ये कॅलिफोर्नियात ट्रम्प यांना 60 लाखांवर मते पडली. 55 इलेक्टोरल मतांपैकी हाती आले शून्य.

नेब्रास्काने 1992 पासून वेगळी वाट धरली (मेन राज्याने त्याच्याही आधी). पाचपैकी 2 मते राज्यभरातल्या विजेत्याला, उरलेली 3 मते तीन मतदारसंघांतल्या विजेत्यांना प्रत्येकी एक. राज्य पक्के रिपब्लिकन, पण ओमाहा शहराचा दुसरा मतदारसंघ 2008 मध्ये ओबामांना, 2020 मध्ये बायडेनना आणि 2024 मध्ये हॅरिसना गेला. त्या एका मतासाठी उमेदवार ओमाहात येतात. नाहीतर प्रचाराला तिकडे कोण फिरकलं असतं?

2024 च्या सप्टेंबरात सगळी मते एकालाच द्यायची जुनी पद्धत परत आणायचा जोर लागला होता. राज्य विधिमंडळातले ओमाहाचेच रिपब्लिकन सिनेटर माइक मॅकडॉनेल अडून बसले आणि बेत फसला.

मला वाटणी पटते, पण डोळे झाकून नाही. मतदारसंघांच्या सीमा विधिमंडळच आखतं. सगळी मते एकाला देताना निदान राज्याची सीमा कुणाला सरकवता येत नाही.