अडलेल्या हायड्रॉलिक कपलरसाठी प्रेशर रिलीज टूल : दोन हंगामांच्या वापरानंतर

पलटी नांगर सोडताना ट्रॅक्टरपासून सहज निघालेली हायड्रॉलिक तेलाची नळी दुसऱ्या दिवशी भर दुपारी जोडायला गेले की बसत नाही. मेल कपलर, म्हणजे नळीच्या टोकाचा ट्रॅक्टरच्या जोडात शिरणारा भाग, अर्ध्यावर जाऊन अडतो, बाहेरची कडी सरकते पण जोड पकडून ठेवणाऱ्या गोळ्या खाचेत पडत नाहीत, आणि हातातली सगळी ताकद संपते. याच अडचणीसाठी मी स्क्रूने चालणारे प्रेशर रिलीज टूल घेतले. दोन हंगाम ते नांगर, फ्रंट लोडर आणि ट्रॉली या तिन्हींवर वापरल्यानंतर हे लिहीत आहे.

कपलर का अडतो हे कळल्याशिवाय या साधनाचे मोल कळणार नाही. कपलरच्या दोन्ही अर्ध्या भागांत स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो आणि नळी सुटताच तो बंद होतो, त्यामुळे अवजाराच्या सिलिंडरमधले आणि नळीतले तेल कोंडले जाते. उन्हात तेल पोलादापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते, पण त्याला जायला जागा नसते, म्हणून आतला दाब वाढत राहतो. मेल कपलरच्या टोकावरील व्हॉल्व्हचे क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर धरले, तर १०० बार (बार हे दाबाचे एकक) दाबाला त्यावर सुमारे १०० किलोचा भार येतो. तो अंगठ्याने किंवा तळहाताने ढकलून उघडेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

साधन दिसायला साधे आहे. पोलादी बॉडी मेल कपलरच्या खाचेत अडकते, वरचा टी-हँडल फिरवला की मधली पिन व्हॉल्व्ह हळूहळू आत दाबते आणि कोंडलेले तेल बाजूच्या पारदर्शक नळीतून बाटलीत उतरते. स्क्रूचे आटे बारीक असल्यामुळे शंभर किलोचा भारही दोन बोटांनी हलतो, आणि मुख्य म्हणजे तेल एकदम उसळत नाही. हातोडीने टोक ठोकून प्रेशर सोडण्याची सवय अनेकांना असते. त्यात व्हॉल्व्हची बैठक (बंद होताना तो जिथे टेकतो तो भाग) खराब होते, धातूचे कण तेलात जातात आणि नंतर तोच कपलर कायम गळू लागतो. पान्याने नळीचा जोड सैल करणे तर त्याहून वाईट, कारण बारीक फटीतून दाबाने सुटलेले तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण ती तातडीने शस्त्रक्रिया लागणारी इजा असते. केवळ या एका कारणासाठीही मी हे साधन घ्या असे सांगेन.

वापरातून लक्षात आलेली सर्वांत उपयोगाची गोष्ट बाटलीत दिसते. फक्त उन्हाने वाढलेला दाब असेल तर फारच थोडे तेल निघते. १०० बारसाठी एक लिटर तेलामागे सात-आठ मिलिलिटर, आणि नळी फुगलेली असल्यामुळे थोडे अधिक. चमचा-दोन चमचे निघून धार थांबली की काम झाले. धार थांबतच नसेल, तर सिलिंडरवर अवजाराचे वजन आहे असे समजून स्क्रू लगेच मागे घ्यावा, कारण त्या क्षणी आपण दाब सोडत नसून अवजार खाली उतरवत असतो. लोडरचे हात वर असताना किंवा ट्रॉलीची बॉडी उचललेली असताना हे साधन लावणे जीवघेणे ठरू शकते. अवजार जमिनीवर टेकवलेले किंवा भक्कम आधारावर असल्याची खात्री आधी करावी. उत्पादकाच्या माहितीपत्रकात या गोष्टीवर एकच ओळ आहे, ती मला अपुरी वाटते.

उणिवाही आहेत. सोबत आलेली पारदर्शक नळी इतकी आखूड आहे की बाटली धरायला दुसरा माणूस लागतो. मी तिच्या जागी लांब नळी बसवली. पिनचे टोक टणक पोलादाचे आणि निमुळते आहे, त्यामुळे गोळीच्या व्हॉल्व्हवर ओरखडा पडण्याची भीती राहते. पितळी, रुंद टोक हवे होते. शिवाय हे साधन आयएसओ ७२४१ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या सिरीज ए प्रकारच्या अर्धा इंची कपलरलाच बसते. लोडरवर सपाट तोंडाचे कपलर असतील तर ते त्यांना बसणार नाही, हे खरेदीपूर्वी तपासावे.

ट्रॅक्टरच्या बाजूचा दाब या साधनाने जात नाही. त्यासाठी इंजिन बंद करून त्या कपलरचा लिव्हर दोन्ही दिशांना तीन-चार वेळा पूर्ण हलवावा. व्हॉल्व्ह इलेक्ट्रिक स्विचवर चालत असेल तर चावी चालू ठेवावी लागते. नळी सोडण्याआधीही हेच केले आणि अवजार टेकवलेले असले, तर कपलर अडण्याचे प्रसंग निम्म्याहून कमी होतात असा माझा अनुभव आहे, पण उन्हात उभ्या राहणाऱ्या अवजाराचे प्रसरण त्याने थांबत नाही. दाब असतानाही जोडता येणारे कपलर मिळतात आणि ज्याला दिवसातून चारदा अवजार बदलावे लागते त्याने तेच बसवावेत. हंगामात मोजक्या वेळा अवजार बदलणाऱ्याला मात्र हे साधन पुरेसे आहे. माझे साधन टूलबॉक्समध्ये फडक्यात गुंडाळलेले असते, कारण पिनच्या टोकाला चिकटलेली माती थेट व्हॉल्व्हच्या बैठकीवर जाते.