शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद, सांदवाडीतल्या कोईसाठी

शेततळ्यात अंथरतात तो काळा, ५०० मायक्रॉनचा एचडीपीई प्लास्टिकचा कागद मी घरामागच्या सांदवाडीत कोई माशांच्या तळ्यासाठी वापरला. गाव अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यातलं, जमीन काळी, चहूकडे संत्र्याच्या बागा. भर उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा, दोन्हींत कागद कसा वागतो ते पाहून झालं, म्हणून आता लिहिते. कागद चांगला आहे, खुशाल घ्या. पण आमच्या इकडच्या उन्हात कोई जगतात त्या खड्ड्याच्या खोलीमुळे, सावलीमुळे आणि रात्रभर पंपाने पाण्यात सोडलेल्या हवेमुळे. हे तिन्ही ठरल्याशिवाय दुकानात जाऊ नका, कारण कागदाचं माप त्यातूनच निघतं.

गवंड्याचा आग्रह सिमेंटच्या टाक्याचा होता. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मे महिन्यांत आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जमिनीच्या अशा हालचालीत जमिनीतलं टाकं दोन-चार वर्षांत तडकतं, हे गावात बऱ्याच घरी पाहिलंय. शिवाय नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, पीएच चढतो आणि कित्येकदा पाणी भरून, सोडून धुतल्याशिवाय त्यात मासे सोडता येत नाहीत. कागद जमिनीबरोबर हलतो. ईपीडीएम रबराची शीट याहून मऊ असते आणि कोपऱ्यात छान बसते, पण ती कितीतरी महाग पडते आणि बाहेरून मागवावी लागते. शेततळ्याचा कागद ठिबकच्या दुकानात मिळतो. आमच्याच वावरातल्या शेततळ्यात तो बरीच वर्षं आहे: पाण्याखालचा भाग अजून नव्यासारखा, आणि काठावर उघडा राहून ऊन खाल्लेला भाग कडक झालेला. त्यातूनच शिकले की काठ झाकायचा.

आता खोलीचं. तळ्याचे बरेच नमुने थंड मुलखातले असतात, त्यात दोन-अडीच फूट खोली आणि झाडं ठेवायला कडेने पायऱ्या दाखवतात. इथे तसलं उथळ तळं मे महिन्यात कोमट होऊन बसतं. कोई म्हणजे आपल्या शेततळ्यातला सायप्रिनस (कॉमन कार्प) मासाच, रंगासाठी निवडत आणलेला. हे काम झालं जपानच्या निगाता भागात, जिथे हिवाळ्यात माणसाच्या उंचीचा बर्फ पडतो. १८ ते २५ अंश हे त्याच्या सुखाचं पाणी. तीसच्या पुढेही तो तग धरतो, पण अडचण प्राणवायूची होते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, ३५ ला सातच्याही खाली. आणि पाणी तापलं की माशाला लागतो मात्र जास्त. म्हणून मी साडेचार फूट खोली घेतली, बाजू जवळजवळ उभ्या ठेवल्या आणि पायऱ्या काढल्याच नाहीत. उभ्या बाजूंचा आणखी एक फायदा म्हणजे मासे टिपणाऱ्या वंचक बगळ्याला उभं राहायला जागाच मिळत नाही.

तळं १२ बाय ८ फूट, खोली साडेचार, म्हणजे सुमारे १२,००० लिटर पाणी. कागदाचं माप असं काढायचं: लांबीत खोलीची दुप्पट मिळवायची आणि दोन्ही काठांवर दाबायला दीड-दीड फूट धरायचं. रुंदीचंही तसंच. माझा कागद २४ बाय २० फूट निघाला, म्हणजे जवळपास ४५ चौरस मीटर. मासे ठरवताना हजार लिटरला एक कोई हा साधा हिशेब धरावा, आणि उष्ण भागात त्याहूनही हात आखडता घ्यावा. बोटाएवढी पिल्लं पाहून मोह होतो, पण चांगली वाढलेली कोई दोन फुटांची होते. माझ्याकडे सात आहेत.

दुकानात तीन गोष्टी तपासा. पहिली जाडी. सगळे विक्रेते ५०० मायक्रॉन म्हणतात, ते वजनावरून पकडता येतं. ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर, आणि या साध्या काळ्या एचडीपीई कागदाचा एक चौरस मीटर पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. माझी अख्खी घडी काट्यावर २१ किलो आणि थोडी वर भरली, म्हणजे माल बरोबर. जिथे बरंच कमी भरेल तिथून निघा. दुसरी गोष्ट वास. तुकडा हातात घेऊन तळव्याने चोळा आणि नाकाशी धरा. भंगार प्लास्टिक वितळवून केलेल्या कागदाला जळका, तेलकट वास येतो आणि रंग करडट दिसतो. चांगल्या कागदाला वास जवळजवळ नसतोच, आणि उन्हाकडे धरला तर टाचणीएवढाही उजेड दिसत नाही. तिसरी, आयएसआय मार्क कागदावरच छापलेला हवा, नुसता बिलावर नको. दुकानदार म्हणाले, “ताई, शेततळ्यात रोहू-कटला राह्यते, तं रंगीत मासे काऊन नाही राहणार?” बरोबरच बोलले.

आता तक्रार. एवढ्या रुंदीचा सलग कागद नव्हता, म्हणून दुकानाच्या माणसांनी दोन पट्टे जोडून दिले. मोठ्या शेततळ्याला ते वेल्डिंगचं मशीन आणतात. माझं काम लहान म्हणून नुसत्या गरम हवेच्या बंदुकीवर भागवलं. पाणी भरल्यावर पातळी रोज जरा जास्तच उतरू लागली आणि जोडावर वीतभर फट सापडली. दुरुस्तीला माणूस आला, पण फोनवर फोन केल्यानंतर. काम लहान असलं तरी गिऱ्हाइकाने पैसे पूर्ण मोजलेले असतात. तुम्ही शक्यतो बिनजोडाचाच कागद मागा, त्यासाठी तळ्याची रुंदी फूटभर कमी करावी लागली तरी चालेल. जोड टळत नसेल तर मशीनचं दुहेरी वेल्डिंग करून घ्या आणि पैसे तळं भरून पाहिल्यावरच चुकते करा.

खड्ड्याच्या तळाला चुनखडीचे खडे निघतात, ते कागदाचे वैरी. हाताने चाचपत एकेक वेचले, मग चाळलेल्या मातीचा चार बोटं थर आणि त्यावर जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे न कुजणारं जाड कृत्रिम कापड. बारदाना घालू नका, तो कुजतो आणि त्याखाली पोकळी होते. कागद सकाळी लवकर अंथरा आणि थोडा सैल सोडा. उन्हात तो पसरतो, रात्री आकसतो, ताणून बसवला तर कोपऱ्यात ओढ येते. हा कागद रबरासारखा लवत नाही, त्यामुळे कोपऱ्यांत मोठ्या चुण्या पडतात. त्या एकाच दिशेने, पाणी ज्या बाजूला फिरतं तिकडे दुमडा, नाहीतर त्यात गाळ आणि विष्ठा अडकून राहते. कडा फूटभर खोल चरात दाबून वर मुरूम आणि दगड रचले.

खरी परीक्षा नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत झाली. तळ्यावर आठ फूट उंचीवर ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट आहे आणि पश्चिमेकडून पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचं कुड. बाहेर ४५ अंश असताना दुपारी चारला वरचं पाणी ३२ आणि तळाचं २९ दाखवत होतं. काळा कागद ऊन ओढून पाणी तापवील ही भीती सगळेच घालतात. सावली आणि खोली असेल तर ती मनातून काढून टाका. दगडांवरून पाणी पाडणारा छोटा धबधबा मे महिन्यात मोठं काम करतो. हवा कोरडी असते, त्यामुळे पडणारं पाणी कुलरसारखं गार होतं. पावसाळ्याच्या दमट हवेत हा गुण निघून जातो, तेव्हा धबधबा फक्त प्राणवायूपुरता.

जिवाला धोका दुपारी कमी आणि पहाटे जास्त असतो. रात्रभर शेवाळही प्राणवायू खातं, त्यामुळे पहाटे चारच्या सुमारास पाण्यात तो सगळ्यात कमी असतो, आणि आमच्याकडे लाइन जाते ती बहुधा तेव्हाच. म्हणून धबधब्याची मोटर विजेवर ठेवली, पण ३५ वॉटचा हवेचा पंप घरच्या इन्व्हर्टरवर घेतला. पैसे अपुरे पडत असतील तर दगड, दिवे, कारंजं सगळं पुढे ढकला, हा पंप नको. तीसच्या वर पाणी गेलं की दाणा निम्मा करते. ऊन आणि चढा पीएच एकत्र आले की माशांनी पाण्यात सोडलेला अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून तेव्हा कमी खाऊ घालणं हीच माया.

पाण्याबद्दल मनापासून लिहायचं आहे, कारण आमचा तालुका भूजल उपशाच्या अतिशोषित यादीत आहे आणि इथे शोभेचं तळं करणाऱ्याने हिशेब द्यायलाच हवा. माझ्या तळ्यातलं पाणी सेंटिमीटरभर उतरलं म्हणजे नव्वद लिटर उडालं. नेटमुळे ते बरंच आवरतं. पण नुसती भर घालत राहिलं तर बोअरच्या पाण्यातले क्षार साठत जातात, म्हणून दर आठवड्याला दहावा हिस्सा तळातून काढावाच लागतो. ते पाणी आंबिया बहराच्या (हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या) संत्र्याच्या झाडांना जातं. त्यात नत्र असतं आणि ती झाडं डोळ्यांना दिसतील इतकी काळीशार आहेत. मात्र माशांना औषध म्हणून मीठ घातलं असेल तर ते पाणी बागेला सोडू नका, संत्र्याला क्षार सोसत नाहीत. बोअरचं ताजं पाणी प्राणवायूने रितं असतं, ते धबधब्यावरून पाडूनच आत घ्या. नळाचं असेल तर आधी क्लोरीन घालवा.

पावसाळ्यात कागदाचा एक दोष दिसतो. काळी जमीन भरली की बाहेरचं पाणी कागदाखाली शिरतं आणि तो तळातून फुगून वर येऊ पाहतो. तळं काठोकाठ असेल तर पाण्याच्या वजनाने दबून राहतो, म्हणून जुलै ते सप्टेंबर तळं कधीही उपसू नका. काठ जमिनीपेक्षा वीतभर उंच घ्या. बागेतून वाहून येणाऱ्या पाण्यात फवारणीचं औषध असतं, त्याचा एक लोंढा आत आला की सगळे मासे जातात. जादा पाणी जाण्याच्या पाइपाला बारीक जाळी लावा. सायप्रिनस आधीच नद्या-नाल्यांत पसरून गावठी माशांच्या मुळावर आलाय, आपल्या पिल्लांची त्यात भर नको.

काळ्या तळावर कोहाकू जातीच्या कोईचा पांढरा-तांबडा रंग इतका उठून दिसतो की निळा कागद मिळाला तरी घेऊ नका. घुशींचा बंदोबस्त आधीच करा, कागदाच्या कडा त्या कुरतडतात. आणि उरलेली पट्टी टाकू नका. भोक पडलं तर ठिगळ त्याच मालाचं, गरम करून लागतं. साधा गोंद एचडीपीईला धरत नाही.