म्हाताऱ्या माणसाचं बीपी: नागपूरची फेरी की गावचं उपकेंद्र?

आमचे बाबा ७८ वर्षांचे. बीपी जुनं, शुगर काठावरची. तीन वर्षं दर दोन महिन्यांनी त्यांना नागपूरला नेलं, गेल्या दीड वर्षापासून गावच्याच सरकारी आरोग्य उपकेंद्रात दाखवतो. दोन्हीकडचे बाक झिजवून झालेत, म्हणून ज्यांच्या घरी हाच घोळ सुरू आहे त्यांच्यासाठी लिहितो. मी डॉक्टर नाही, वर्धा जिल्ह्यातला कापूस-तुरीवाला शेतकरी आहे. तेवढ्याच बेतानं वाचा.

पैशाचं आधी उरकून टाकतो. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, म्हणजे तिकीट लागतं ते सोबत जाणाऱ्याला. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं, पण ते भरती झाल्यावर कामाचं. ओपीडीची फी आणि महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत, आणि पुष्कळांचा गैरसमज इथंच होतो. उपकेंद्रात तपासणी, गोळ्या सगळं फुकट. तरी मी पैशापायी बदललं नाही. वेचणीच्या दिवसांत माझा अख्खा दिवस जायचा, तेही एक वेळ चाललं असतं.

नागपूरचे डॉक्टर हुशार होते, यात वाद नाही. ईसीजी, रक्त, किडनीची तपासणी, सगळं एकाच इमारतीत. शिवाय 'नागपूरले दाखवलं' म्हटलं की सोयरे गप्प बसतात. या गोष्टीला किंमत नाही असं कोणी सोयरे नसलेलाच म्हणेल.

माझं बिनसलं ते लघवीच्या गोळीवरून.

बाबांना बीपीच्या दोन गोळ्या होत्या, त्यातली एक लघवी करवणारी. नागपूरला वेळेत नंबर लागायचा तर फाट्यावर सकाळची साडेसहाची गाडी धरावी लागे. दर वेळी तिथं वरचा आकडा १७० च्या घरात निघे. डॉक्टर डोस वाढवत. मग आठ-दहा दिवसांत बाबा पहाटे खाटेवरून उठताना झोकांडी खात. एकदा न्हाणीजवळ पडले, भुवईवर दोन टाके आले. आम्ही म्हणालो, वय झालं.

पुढच्या फेरीला एसटीत त्यांच्या बंडीच्या खिशातून रुमाल काढायला गेलो तर त्यात सकाळची गोळी तशीच. विचारलं, तर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "एष्टीत लघवी लागली तं थांबवते कोन? म्हून नाई घेतली." आदल्या संध्याकाळपासून पाणीही बंद. म्हणजे तीन वर्षं ज्या दिवशी त्यांचं बीपी मोजलं गेलं, नेमक्या त्याच दिवशी त्यांच्या पोटात औषध नव्हतं. वर गाडीचे हादरे, बाकावरचे दोन तास, आणि संडास कुठं हे विचारायची लाज, म्हणून दाबून धरलेली लघवी. तिनंही आकडा चढतो. आणि घरी आल्यावर, एसटीचा धाक नसल्यानं, वाढवलेला डोस मात्र रोज नेमानं.

डॉक्टरांना दोष देववत नाही. त्यांच्यासमोर आलेला आकडा तो, त्यांनी त्यावर औषध दिलं. पण मी पुढचा नंबर लावलाच नाही.

उपकेंद्र आमच्या घरापासून दोनशे पावलांवर. तिथल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमनी पहिलाच प्रश्न केला, "आजोबा, आज गोळी घेतली का?" पाच मिनिटं बसवून मोजलं, वरचा आकडा १३८. मी म्हटलं, उभं करून मोजता का? उभ्यानं १०८ निघाला. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० नं पडला तरी जपायला सांगतात, इथं तर ३० होता. मॅडमनी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी डोस उतरवला. त्यानंतर बाबा पडले नाहीत. एका म्हाताऱ्यावरून नियम काढू नये, कबूल.

पण संशोधनही याच बाजूला झुकताना दिसतं. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेनं ८६ खेड्यांतले मृत्यू तपासले होते, तो अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. सगळ्यात जास्त माणसं लकव्यानं गेली होती, शंभरात चौदा, आणि त्यातले दहापैकी जवळपास नऊ जण घरच्या खाटेवरच. लकव्यामागं बहुतेकदा बीपी असतं, तेव्हा मोठ्या दवाखान्याचं ईसीजी मशीन कितीही भारी असो, ते या माणसांच्या कामी आलं नाही. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या खेड्यांत आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन बीपी मोजलं, सल्ला दिला. २०२० मध्ये निकाल आला: दोन वर्षांत वरचा आकडा नेहमीच्या पद्धतीपेक्षा पाचेक अंकांनी जास्त उतरला. पाच ऐकायला किरकोळ वाटतं, पण ती गावोगावच्या बीपीवाल्यांची मिळून काढलेली सरासरी आहे. आपल्याकडे वर्धा आणि भंडारा हे जिल्हे बीपी नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात सुरुवातीलाच होते: ठरलेल्या गोळ्या, ठरलेला क्रम, आणि औषध घराजवळ.

आता उपकेंद्राचं रडगाणंही ऐका. गोळ्या संपतात. एकदा महिन्याऐवजी दहाच दिवसांच्या मिळाल्या, बाकीच्या मी तालुक्याहून विकत आणल्या. पाकिटाचा रंग बदलला की बाबा आशाताईंशी हुज्जत घालतात, "हे माही गोळी नोहे." मॅडम मीटिंगला गेल्या की दार बंद. मशीनचे सेल उतरले की आकडे वाटेल ते. आणि किडनीची, पोटॅशियमची तपासणी तिथं भागत नाही, त्यासाठी वर्षातून एकदा मी बाबांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेतो.

ज्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय, किडनी बिघडली आहे, किंवा तीन-तीन गोळ्यांनीही बीपी हटत नाही, त्यांनी माझ्या नादी लागू नये, मोठ्या डॉक्टरांकडेच जावं. फक्त जमलं तर आदल्या दिवशी सोयऱ्याकडे मुक्काम करा, सकाळची गोळी तिथंच द्या, आणि नंबर येण्याआधी म्हाताऱ्याला लघवीला नेऊन आणा. उभ्यानं बीपी मोजायलाही सांगा. गर्दीत ते राहून जातं.

बाकीच्यांनी चार महिने उपकेंद्र करून पाहायला माझ्या मते हरकत नाही. बाबा आता मंगळवारी काठी घेऊन एकटेच जातात, गोळी खाऊन जातात. दहा मिनिटांचं काम, पण त्यांच्या वयाचे तिघं तिथं बाकावर असतात, त्यामुळे जेवायच्या वेळेला नातवाला बोलवायला धाडावं लागतं.