‘पंधरा दिवसांत स्कोपस’ पॅकेज की फुकटची साधनं? बेळगावच्या पीएचडीवाल्यांसाठी परीक्षण

‘पंधरा दिवसांत स्कोपस, गॅरंटीसह. हप्ते चालतील.’ बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असले मेसेज फिरत असतात. स्कोपस म्हणजे एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेचा संशोधन-जर्नलांचा डेटाबेस, आणि त्यातल्या जर्नलात तुमचा पेपर छापून आणू, असा या मेसेजचा अर्थ. रक्कम पाच आकडी, निम्मी आधी आणि निम्मी ‘ॲक्सेप्टन्स लेटर’ हातात पडल्यावर. जर्नल निवडून देणं, फॉरमॅट करणं, प्लॅगॅरिझम (मजकुरातली उचलेगिरी) कमी करणं, सबमिट करणं, इंग्रजी सुधारणं आणि वर पेपर छापून येण्याची हमी, असा सगळा ऐवज त्यात असतो. यातलं बरंचसं फुकट मिळतं. एका गोष्टीला पैसे मोजायला हरकत नाही. आणि जी सगळ्यांत महाग विकली जाते ती हमी एजंटाच्या हातातच नसते, कारण निर्णय संपादकाचा असतो.

आधी नियमाचं बघू, कारण हे दुकान भीतीवर चालतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीनं प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्ती काढली. मान्य जर्नलांची यूजीसी-केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, आणि जर्नल तपासायची जबाबदारी संस्थांकडे आली. विद्यापीठं मात्र स्वतःची अट ठेवू शकतात. म्हणून राणी चन्नम्मा असो, व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) असो की एखादं डीम्ड विद्यापीठ, तुमच्या नोंदणीच्या वर्षाला लागू असलेलं परिपत्रक रिसर्च सेक्शनमधून लेखी घ्या. ‘केअर लिस्टेड’ असं आजही छातीठोकपणे सांगणारा एजंट बंद पडलेल्या यादीच्या नावानं पैसे मागतोय, एवढं ओळखा.

जर्नल शोधायची फुकट साधनं चांगली आहेत, पण प्रत्येकाची नजर आपल्याच अंगणापुरती. एल्सव्हिअरच्या जर्नल फाइंडरमध्ये शीर्षक आणि गोषवारा टाकला की जर्नलांची रांग येते. सोबत साइटस्कोअर (जर्नलातल्या पेपरांना मिळणाऱ्या संदर्भांचा आकडा), पहिल्या निर्णयाला लागणारा वेळ, स्वीकृतीचं प्रमाण. मात्र दिसतात ती फक्त एल्सव्हिअरचीच जर्नलं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ग्रीन सँडच्या ओलाव्यामुळे कास्टिंगमध्ये येणाऱ्या दोषांवर पेपर आहे असं धरा. त्याला सगळ्यांत जवळचं जर्नल म्हणजे ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ मेटलकास्टिंग’, आणि ते स्प्रिंगरकडे आहे. एल्सव्हिअरचं साधन ते कधीच दाखवणार नाही. म्हणून स्प्रिंगर नेचरचा जर्नल सजेस्टर आणि वायलीचा फाइंडरही चालवून बघा. वैद्यकीय आणि आयुर्वेदवाल्यांना ‘जेन’ हे साधन उत्तम, ते पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसवर चालतं. पण मराठी साहित्य किंवा सीमाभागाच्या इतिहासावरचा गोषवारा त्यात टाकून काही हाती लागणार नाही.

या सगळ्यांहून भरवशाची पद्धत जुनीच आहे. तुमच्या संदर्भसूचीतले गेल्या पाच वर्षांतले पेपर कुठल्या जर्नलांत आले ते मोजा. जे नाव तीन-चार वेळा येतं, तिथं तुमचा विषय वाचणारे संपादक आहेत. अभियांत्रिकीसाठी बेंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं ‘साधना’ही डोळ्यासमोर ठेवा (साने गुरुजींचं साप्ताहिक वेगळं, गोंधळ नको). समाजशास्त्र, अर्थशास्त्रवाल्यांना ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ आहेच, आणि तिथं लेखकाकडून पैसे घेत नाहीत. फाइंडर साधनांना एकत्रित पाचपैकी साडेतीन गुण.

आता स्कोपसची खात्री. एजंट स्क्रीनशॉट पाठवतो, तो बघायचाच नाही. स्कोपसचं ‘सोर्सेस’ पान विना-सबस्क्रिप्शन उघडतं. तिथं जर्नलचं नाव न टाकता आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) टाका, कारण एका अक्षराच्या फरकाची जुळी नावं ढीगभर आहेत. मग तीन ओळी वाचा. पहिली ‘कव्हरेज इयर्स’. तिथं २०१० ते २०२१ आणि पुढे ‘कव्हरेज डिसकंटिन्यूड’ असं असेल तर ते जर्नल स्कोपसनं काढून टाकलंय. स्क्रीनशॉटमधून नेमकी हीच ओळ कापलेली असते. दुसरी ‘सोर्स टाइप’. तिथं जर्नल आहे, बुक सिरीज आहे की कॉन्फरन्स प्रोसीडिंग? अट ‘जर्नल’ची असेल तर प्रोसीडिंगमधला पेपर विद्यापीठ नाकारू शकतं, मग तो स्कोपसमध्ये असला तरी. तिसरी प्रकाशकाचं नाव. ते तुम्हाला पाठवलेल्या वेबसाइटवरच्या नावाशी जुळतं का, ते बघा. जुळत नसेल तर ते अपहृत जर्नल असू शकतं. म्हणजे खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन घेऊन भलत्याच माणसानं उघडलेली वेबसाइट. मागे घेतलेल्या पेपरांचा माग ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’ची अशा जर्नलांची यादी २०२२ पासून फुकट बघता येते.

नुसता आयएसएसएन म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे. तो आठ आकडी ओळख क्रमांक आहे, भिंतीवरच्या घरनंबरासारखा. आत कोण राहतं ते त्यावरून कळत नाही. इम्पॅक्ट फॅक्टरही (जर्नलातल्या पेपरांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) एकच खरा, क्लॅरिव्हेटच्या ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’मधला. त्याच्या मागेपुढे ‘ग्लोबल’, ‘सायंटिफिक’ अशी विशेषणं चिकटली की हात आखडता घ्या. क्यू-वन ते क्यू-फोर या जर्नलांच्या चार श्रेणींचं घोडंही विषयावर अडतं. एकच जर्नल एका विषयगटात क्यू-टू आणि दुसऱ्यात क्यू-फोर असू शकतं. सिमागोच्या फुकट साइटवर ते विषयवार दिसतं. तपासणीच्या या साधनांना पाचपैकी पाच, आणि वेळ लागतो जेमतेम अर्धा तास.

पॅकेजातला सगळ्यांत घातक भाग म्हणजे ‘प्लॅगॅरिझम कमी करून देणं’. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे पायऱ्या चढत जातात आणि ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. म्हणून एजंट मजकूर शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढतो. आकडा उतरतो खरा, पण ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बुझम पेरिल’ होतं आणि ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’. अशा वेड्यावाकड्या शब्दप्रयोगांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आता ते हुडकणारी साधनं छापून आलेले पेपरसुद्धा चाळतात. वायलीच्या मालकीच्या ‘हिंदावी’ या प्रकाशनसंस्थेचं उदाहरण ताजं आहे. या प्रकाशनातले आठ हजारांवर पेपर २०२३ मध्ये मागे घेतले गेले आणि वायलीनं ते नावच बंद केलं. मागे घेतलेला पेपर पुसला जात नाही. ‘रिट्रॅक्टेड’ असा शिक्का घेऊन तो लेखकाच्या नावाखाली कायम दिसत राहतो. या भागाला शून्य गुण.

सबमिशन स्वतः करा. एजंट ते स्वतःच्या ईमेलवरून करतो, त्यामुळे रिव्ह्यूअरची पत्रं त्याच्याकडे जातात, पासवर्ड त्याचा, आणि सुचवलेले रिव्ह्यूअरही त्याचेच, जीमेलचे पत्ते देऊन उभे केलेले. पेपर सबमिट करायची प्रणाली एडिटोरियल मॅनेजर असो की स्कॉलरवन, साधारण हेच लागतं: कव्हर लेटर, लेखकांची माहिती असलेलं टायटल पेज, नावं काढलेलं हस्तलिखित, आकृत्या वेगळ्या फाइलींत, हितसंबंधांचं निवेदन, डेटा कुठं मिळेल त्याची ओळ. एल्सव्हिअरची बरीच जर्नलं हायलाइट्स मागतात. ते तीन ते पाच मुद्दे, आणि प्रत्येक मुद्दा मोकळ्या जागांसह ८५ अक्षरांच्या आत. फोटो ३०० डीपीआय, रेघांचे आलेख १००० डीपीआय. वर्डमध्ये चिकटवलेला आलेख परत काढून पाठवला तर तो फुटतो, म्हणून एक्सेल किंवा ओरिजिनमधून थेट एक्सपोर्ट करा.

पेपर अडकतो तो शेवटच्या पायरीवर. एडिटोरियल मॅनेजर सगळ्या फाइली जोडून एक पीडीएफ बनवतं आणि ती तुम्ही उघडून ‘अप्रूव्ह’ करेपर्यंत पेपर संपादकाकडे जातच नाही. तो ‘वेटिंग फॉर ऑथर्स अप्रूव्हल’ या फोल्डरमध्ये पडून राहतो आणि आपण महिनाभर उत्तराची वाट बघत बसतो. सबमिट केल्यावर हस्तलिखिताचा क्रमांक असलेला ईमेल आला नाही, तर दुसऱ्याच दिवशी लॉगिन करून ते फोल्डर बघा.

आपल्या भागातली खास अडचण नावांची. दहावीच्या मार्क्स कार्डावर ‘एस. बी. पाटील’, आधारवर ‘सुरेश भीमराव पाटील’, कॉलेजच्या वेबसाइटवर ‘पाटील सुरेश’. तीन पेपर तीन नावांनी गेले की स्कोपसमध्ये तीन वेगळे लेखक तयार होतात आणि सायटेशन (इतरांनी तुमच्या पेपरचे दिलेले संदर्भ) तीन घरांत वाटली जातात. गावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी, पण जुन्या पेपरांत बेलगाम आणि घरात बेळगाव. पत्त्यात संस्थेचं अधिकृत इंग्रजी नाव आणि ‘बेळगावी’चं (Belagavi) हेच स्पेलिंग दर वेळी ठेवा. पहिल्या पेपरच्या आधीच ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढा. तो १६ आकडी असतो, फुकट मिळतो आणि पाच मिनिटांत तयार होतो. आधीच तुकडे झाले असतील तर स्कोपसच्या ऑथर फीडबॅक विझार्डमधून प्रोफाइल एकत्र करून मिळतात, त्यालाही पैसे पडत नाहीत. हेच काम ‘प्रोफाइल मर्जिंग’ म्हणून विकणारे आहेत, आणि घेणारेही.

भाषेचा दुसरा पेच सर्व्हेवाल्यांना पडतो. खानापूर तालुक्यात निम्म्या बायकांनी मराठी प्रश्नावली भरली आणि निम्म्यांनी कन्नड, तर रिव्ह्यूअरचा पहिला प्रश्न ठरलेला: दोन्हींचा अर्थ एकच आहे कशावरून? त्याचं उत्तर पद्धतीच्या भागात आधीच हवं. इंग्रजीतून दोन्ही भाषांत अनुवाद कुणी केला, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसानं तो उलट इंग्रजीत आणला का, आणि क्रॉनबाख अल्फा (प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगणारा आकडा) दोन्ही भाषांचा वेगळा काढला का. संमतीपत्रही दोन्ही भाषांत असावं आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक व तारीख पेपरात यावी. पश्चिम घाटातल्या वनस्पतींवर काम असेल तर हर्बेरियमचा (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा) व्हाउचर क्रमांक, म्हणजे जमा केलेल्या नमुन्याचा नोंद क्रमांक, लागतोच. नमुना जमा करायला लांब जायला नको, आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे.

मराठी किंवा कन्नड संदर्भ देताना मूळ शीर्षक रोमन लिपीत आणि त्याचा इंग्रजी अर्थ चौकटी कंसात, ही एपीए या संदर्भ-शैलीची रीत. डीटीपीच्या दुकानातून श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेली फाइल आणली, तर जर्नलच्या सिस्टिममध्ये तिची चिन्हांची खिचडी होते. युनिकोडच लागतं.

पैसे द्यायचेच तर इंग्रजीच्या संपादनाला द्या. इथला माणूस घरात मराठी, बाजारात कन्नड आणि प्रबंधात इंग्रजी लिहितो, त्यामुळे आर्टिकल आणि काळ घसरतात, त्यात कमीपणा नाही. संपादन शब्दांच्या हिशेबानं घ्या, बदल ‘ट्रॅक चेंजेस’मध्ये मागा आणि पेपर लिहून पूर्ण झाल्यावरच तपासायला द्या. तुमच्या विषयाचा माणूस हवा. सर्वसाधारण संपादक ‘सिग्निफिकंट’ हा संख्याशास्त्रातला शब्द सहज ‘इम्पॉर्टंट’ करून टाकतो आणि निष्कर्षाचा अर्थच पालटतो. एआय वापरलं असेल तर कुठं वापरलं ते लिहा. लेखक म्हणून मात्र त्याचं नाव चालत नाही. जर्नलच्या पहिल्या फेरीत ‘इंग्रजी सुधारा’ एवढंच आलं तर पेपर जिवंत आहे असं समजा.

छापायला पैसे लागतातच, हा समज एजंटांनीच पसरवलाय. सबस्क्रिप्शनवर चालणाऱ्या बहुतेक जर्नलांत लेखकाला काही पडत नाही. सबमिट करताना किंवा स्वीकृतीनंतर ‘ओपन ॲक्सेस’ न निवडता सबस्क्रिप्शनचा पर्याय घ्यायचा, बस. ओपन ॲक्सेसचं शुल्क मोठ्या जर्नलांत दोन हजार डॉलरच्या पुढे जातं, आणि ‘नेचर’नं २०२० मध्ये जाहीर केलेला आकडा ९,५०० युरोंचा होता. गरीब देशांना मिळणाऱ्या आपोआप सवलतीच्या याद्यांत भारत सहसा नसतो, म्हणून सवलत हवी असेल तर सबमिट करतानाच मागा, स्वीकृतीनंतर कुणी ऐकत नाही. शुल्क न घेणारी ओपन ॲक्सेस जर्नलं हवी असतील तर डीओएजे या ओपन ॲक्सेस जर्नलांच्या फुकट सूचीत तशी चाळणी आहे. वाचायची सोय आता सुधारली आहे. ‘एक देश एक सबस्क्रिप्शन’ योजनेत १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं सरकारी संस्थांना खुली झाली. आपल्या कॉलेजचं लॉगिन आहे का, ते ग्रंथपालांना विचारा. ते नसताना निव्वळ गोषवारे वाचून लिहिलेला ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ संपादकाच्या लगेच लक्षात येतो.

आणि पेपर आधीच एखाद्या संशयास्पद जर्नलकडे गेला असेल तर? तोच पेपर लगेच दुसरीकडे पाठवू नका, ते दुहेरी सबमिशन ठरतं. कॉपीराइट फॉर्मवर सही झाली नसेल तर अजिबात करू नका. ‘पेपर मागे घेत आहे, प्रकाशित करू नये’ असा ईमेल सगळ्या सहलेखकांना आणि गाईडना सीसी करून पाठवा, तारखेसह जपून ठेवा. ‘विथड्रॉवल फी’ मागतील. ती देऊ नका, दिल्यावर पेपर निघतोच असंही नाही. आठवड्यानं तोच ईमेल पुन्हा पाठवा, आणि दुसऱ्या जर्नलकडे जाताना कव्हर लेटरमध्ये हा सगळा प्रकार दोन ओळींत खरा खरा लिहून टाका.